काठावरचं नाव

केशवअण्णांनी पहिल्याच भेटीत मला दुकानातून परत पाठवलं होतं.

पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला येऊन मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. साल त्र्याण्णव. कॉम्प्युटर कंपनीतलं काम शनिवारी संध्याकाळी संपायचं आणि रविवार अंगावर यायचा. त्या रिकाम्या रविवारांनी मला जुन्या बाजाराची वाट दाखवली. तिथे फुटपाथवर, पितळी नळ आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या ढिगात, लष्करी बिल्ले, बटणं, मेडलं मिळत. मला त्यांचं वेड लागलं. एका मेडलची फीत विरून गेली होती. बंगळूरच्या शिवाजीनगरात, मागच्या गल्लीत एक म्हातारा मिलिटरी टेलर आहे आणि तो मराठी बोलतो, असं कोणीतरी सांगितलं, म्हणून गेलो.

पाटी नसलेलं, एका खिडकीचं दुकान. आत साठी ओलांडलेला एक सडपातळ माणूस, ओठांत दोन टाचण्या, गळ्यात माप घ्यायची फीत. त्यांनी माझं मेडल घेतलं. त्यावरच्या इंग्रज राजाच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. ते उजेडात आडवं धरलं आणि बोटांत हळूहळू फिरवत त्याचा काठ वाचू लागले. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. मोठ्यानं, शाळेत हजेरी घेतात तसं. मग टाचण्या काढून त्यांनी विचारलं, "कोण तुझा हा?"

"कोणी नाही. बाजारात घेतलं."

"मग रिबन कुणाच्या छातीवर लावणार हायस?"

मी म्हणालो, लावणार नाही, चौकटीत बसवून भिंतीवर टांगणार आहे. त्यांनी मेडल कागदात गुंडाळून माझ्या हातावर ठेवलं. "नाव तरी वाचलास काय ह्याचं? वाचून ये. मग बघू." आणि मशीनकडे वळले.

मी भयंकर चिडलो. गिऱ्हाइकाशी असं वागतात का? पण खोलीवर जाऊन भिंग लावून बसलो, तेव्हा अर्ध्या तासानं त्या झिजलेल्या काठावरून एक माणूस वर आला. पुढच्या रविवारी जाऊन मी त्याचा नंबर आणि नाव पाठ म्हणून दाखवलं. अण्णांनी स्टूल पुढे सरकवलं. त्या स्टुलावर मी पुढची सहा वर्षं बसत आलो.

अण्णा नामदेव शिंपी. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि दोन्हींमध्ये भिंत नाही. "आमचे लोक मराठ्यांच्या फौजेमागनं सुईदोरा घेऊन आले म्हणं. फौज गेली, आम्ही राहिलो," असं सांगायचे. वडिलांनी गोऱ्या साहेबांचे गणवेश शिवले, अण्णांनी आपल्या साहेबांचे. निवृत्त होणारा जवान मेडलांची रांग नीट बसवून घ्यायला त्यांच्याकडे यायचा. कुठलं मेडल आधी, कुठलं नंतर, हे सरकारी पुस्तकात बघावं लागायचं नाही, अण्णांना पाठ होतं. बायको लवकर गेली. मुलगी शारदा शाळेत शिक्षिका. बनशंकरी भागातल्या घरात दोघंच.

त्यांचा एक नियम होता आणि तो ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत: "स्वतःचं डावीकडं, बापाचं उजवीकडं, दुसऱ्याचं कुठंच नाही." म्हणजे स्वतः मिळवलेलं मेडल डाव्या छातीवर लावायचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं असेल तर उजव्या. दुसऱ्याचं लावायला आलेल्याला ते सरळ "बेडा" म्हणत. नको. एकदा एका नव्या मोठ्या हॉटेलचा मॅनेजर आला. दारवानांसाठी बारा लाल कोट हवे होते आणि प्रत्येक कोटावर खरी जुनी मेडलं. पाहुण्यांना आवडतात म्हणे. मेडलं त्यानं पिशवीतून आणली होती. वर्षभराचं काम एका झटक्यात मिळत होतं. अण्णांनी त्याला खुर्ची दिली, कॉफी मागवली, आणि पिशवीतलं एकेक मेडल काढून त्याला नाव वाचून दाखवलं. सहाव्या नावाला तो मॅनेजर उठला. अण्णा मला म्हणाले, "जिवंत माणसाला पण लाज आणतात, मेलेल्याला पण. एका कोटात दोघांना."

त्यांच्याजवळही संग्रह होता. विकत घेतलेलं त्यात काही नव्हतं. पलटण मोडली, हुद्दा बदलला, गणवेश नवा आला की जुन्याचे बिल्ले आणि बटणं दुकानात मागे राहत. अण्णांनी ती बिस्किटांच्या डब्यांत जपली होती, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधून: कुणाच्या कोटाची, कुठल्या साली. मला खात्री होती की यामागे काहीतरी दुःख असणार, एखादा लढाईत गेलेला भाऊ, एखादा मित्र. धीर करून विचारलं, तर ते वैतागले. "कोणी नाही. माप घेतलेला माणूस शिंप्याच्या लक्षात राहतो. त्याला मेलेला भाऊ कशाला पाहिजे?"

शहरात आम्हा संग्राहकांचं एक छोटं मंडळ होतं. महिन्यातून एकदा जमायचो, अदलाबदल करायचो, एकमेकांच्या मालाचं कौतुक करायचो. दयानंद म्हणून एक उद्योजक मंडळाचे अध्यक्ष. गोड बोलणारे, वाचलेले, काचेची कपाटं असलेले. माझ्यासारख्या नवख्याला ते शेजारी बसवून घेत. मला त्याचा अभिमान वाटे, हे आज लिहितानाही लाजच वाटते.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी मंडळानं प्रदर्शन ठरवलं. दयानंदांच्या संग्रहातली बारा पदकमाला नव्या फितींवर बसवायच्या होत्या. मी मोठ्या हौसेनं सांगितलं, आमचे अण्णा करतील. प्रदर्शन आहे, लोक नावं वाचतील, म्हणून अण्णाही तयार झाले. मी पेटी त्यांच्याकडे पोचवली आणि स्टुलावर बसलो.

शिवायच्या आधी अण्णा एकेक मालेचे काठ वाचत गेले आणि सातवीवर त्यांची बोटं थांबली. पासष्टच्या आणि एकाहत्तरच्या लढायांची पाच मेडलं आणि त्यांच्या पुढे एक शौर्यपदक. सहाही मेडलांवर एका कॅप्टनचं नाव. अण्णांनी शौर्यपदकाचा काठ पाहिला, मग बाकीच्या पाचांचा. पुन्हा पाहिला. मला भिंग दिलं. शौर्यपदकावरची अक्षरं ठोकलेली होती, खोल. बाकीच्या पाचांवरची नुसती ओरखडून काढल्यासारखी उथळ, आणि तिथे काठ किंचित पातळ. कानशीनं घासलेला.

अण्णांनी माळेचं मागचं अस्तर उसवलं. आतल्या कॅनव्हासवर कॉपिंग पेन्सिलीनं एक आकडा होता, ४१७. "हे टाके माझे," ते म्हणाले. मापाच्या जुन्या वह्या त्यांनी फळीवरून खाली काढल्या. चौथ्या वहीत चारशे सतरा नंबर सापडला: हवालदार मुनिस्वामी, छाती छत्तीस, पाच मेडलं, के. आर. पुरम. शौर्यपदक नाही.

मागच्या त्या जुन्या अस्तरावरून मी तोवर ओळखलं होतं. ती पाच मेडलं माझ्या हातून गेलेली होती. बंगळूरला आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत, यशवंतपूरच्या भंगारवाल्याचा माल बाजारात आला होता, त्यातून मीच ती घेतली होती आणि दोन टोप्यांच्या बिल्ल्यांच्या बदल्यात दयानंदांना दिली होती. मी अण्णांना ते सांगितलं.

"तेव्हा नाव काय होतं काठावर?"

मला आठवेना. आठवेना असं तरी कसं म्हणू? मी वाचलंच नव्हतं. अण्णांनी उसवलेलं अस्तर पुन्हा टाचायला घेतलं. ते मला बोलले असते तर बरं झालं असतं.

मंडळाच्या पुढच्या बैठकीला अण्णा माझ्याबरोबर आले, वही आणि ती माला घेऊन. सगळ्यांसमोर, सगळ्यांना कळावं म्हणून, त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. दयानंदांनी शांतपणे ऐकून घेतलं. नाकारलंही नाही. त्या शूर कॅप्टनचं शौर्यपदक अस्सल आहे, बाकीची पाच काळाच्या ओघात हरवली होती, तशीच दुसरी पाच घेऊन आपण त्याचा संच पूर्ण केला, यात त्या वीराचा सन्मानच आहे, असं ते म्हणाले. शेवटी हसून म्हणाले, "शौर्याचं पदक वेगळं. ही पाच तर त्या वेळी नोकरीत असलेल्या सगळ्यांनाच मिळाली होती."

"सगळ्यांना मिळाली म्हणून कुणाचीच नाहीत काय?" अण्णांनी विचारलं.

खोलीत पंधरा माणसं होती. डॉक्टर, बँकेतले अधिकारी, एक प्राध्यापक. मेडलावरचा ओरखडा कुठल्या सालचा ते सांगणारी माणसं. कोणी तोंड उघडलं नाही. दयानंदांच्या कपाटांवर सगळ्यांची नजर होती, उद्या अदलाबदल तर त्यांच्याशीच करायची होती. आणि मी? ती मेडलं मीच दिली होती, हे तिथे सांगायला हवं होतं. मी चहाच्या कपाकडे पाहत बसलो. अण्णांनी माला टेबलावर ठेवली, वही बगलेत घातली आणि ते एकटे जिना उतरले. मी मागून धावत गेलो, पण तो जिना उतरताना मी त्यांच्याबरोबर नव्हतो.

बाकीच्या अकराही माला त्यांनी न शिवता परत केल्या. दयानंदांनी दुसऱ्या टेलरकडून काम करून घेतलं.

मुनिस्वामी बहुधा आता नसेल, त्याच्या घरच्यांना निदान कळवू, असं म्हणून एका सकाळी आम्ही बसनं के. आर. पुरमला गेलो. वहीतला पत्ता वीस वर्षांहून जुना. रेल्वेलाइनीजवळच्या दोन गल्ल्या फिरलो. तिसऱ्या गल्लीत, एका पत्र्याच्या घरासमोर, ऐकायला कमी येणारा एक उंच म्हातारा शेवग्याच्या शेंगा निवडत बसला होता. अण्णांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि त्याला मापावरून ओळखलं. मला म्हणाले, "डावा खांदा उतरलेला. हाच."

लाइनीजवळची जुनी घरं पाडली तेव्हा घाईत सामान हलवलं गेलं, त्यात मुनिस्वामीची ट्रंक भंगारात गेली होती. वरून लोखंड, आत काय आहे ते कोणी पाहिलं नाही. त्याआधी तो दर सव्वीस जानेवारीला छातीवर मेडलं लावून जवळच्या शाळेत झेंडावंदनाला जायचा, मुलांपुढे उभा राहायचा. मेडलं गेल्यावर जायचं बंद केलं. पुढे शाळेनंही बोलवणं बंद केलं. हे त्यानं कुठलीही तक्रार न करता सांगितलं. तक्रार करायची वेळ आता कुणाची होती, हे मला कळत होतं.

अण्णांनी तिथेच, अंगणात, त्याचं माप घेतलं. छाती तेहतीस भरली. पंधरा दिवसांत गडद निळा कोट तयार झाला आणि त्याच्या डाव्या खिशावर पाच फितींची छोटी पट्टी, क्रमानं बसवलेली. मेडल हरवलं तरी फीत लावायचा हक्क हरवत नाही, असं अण्णांनी मला समजावलं. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी ते मुनिस्वामीला घेऊन हॉलवर आले.

ती माला मधोमध होती. निळं मखमल, वर दिवा, खाली कॅप्टनच्या नावाची सुबक पाटी. मुनिस्वामी बराच वेळ काचेसमोर उभा राहिला. मग त्यानं अण्णांना कन्नडमध्ये विचारलं की यातली माझी कुठली. ती पाच मेडलं पंधरा वर्षं छातीवर वागवलेल्या माणसाला ती ओळखता येईनात. कशी येणार? तशी हजारो असतात. ज्यावरून ती त्याची ठरत होती, तेवढंच घासून टाकलं होतं. अण्णांनी बोटानं दाखवलं. मुनिस्वामीनं मान हलवली आणि हात पँटच्या शिवणीला लावून तो ताठ उभा राहिला. मंडळाचा एक स्वयंसेवक येऊन सांगून गेला की काचेच्या इतकं जवळ उभं राहू नका, मागच्यांना दिसत नाही.

उद्घाटनाला एक निवृत्त जनरल आले होते. अण्णा गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, स्वल्प थांबा. ह्या मेडलांचे काठ एकदा बघा." जनरलसाहेब थांबले, ऐकून घेतलं. मुनिस्वामीचा हात हातात घेतला, त्याची पलटण विचारली. दयानंदांकडे वळून म्हणाले, हे जरा पाहा. दयानंद म्हणाले, जरूर. मग सगळे चहाकडे गेले. प्रदर्शनाचे चारही दिवस ती माला तिथेच होती, त्याच पाटीसह. वर्तमानपत्रात छायाचित्र आलं ते तिचंच.

परतीच्या बसमध्ये मुनिस्वामीनं एवढंच विचारलं, "कोट माझ्याकडे ठेवू का?"

"दुसऱ्या कुणाला येणार तो," अण्णा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

मग अर्ज सुरू झाले. हरवलेल्या मेडलांच्या बदली नवी मिळतात, नाव कोरून, पण त्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो. पोलीस म्हणाले, सहा वर्षांपूर्वी हरवलेल्या वस्तूची तक्रार आज कशी घेऊ. तो दाखला मिळवायला सात महिने गेले. अण्णा दुकान बंद करून चौकीच्या बाकावर जाऊन बसायचे, मुनिस्वामीला शेजारी बसवून. मी अर्ज टाइप करायचो. अर्जात काय घडलं ते सगळं लिहायचं, असा अण्णांचा हट्ट. मी म्हणालो, नुसतं 'हरवली' लिहू, काम लवकर होईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूटपणे टाइप करू लागलो. "पाच मेडलांवर एकदा खोटं लिहून झालं. आता आपण पण लिहायचं?"

आणखी चार महिन्यांनी लष्कराच्या मेडल-दप्तराकडून उत्तर आलं. सदर पदकं हरवलेली नसून विकली गेलेली आहेत आणि त्यांचा ठावठिकाणा अर्जदारास माहीत आहे, सबब मागणी नियमात बसत नाही. अण्णांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "सरी, बरं. दुसरा अर्ज टाइप कर." एकूण सात अर्ज केले आम्ही. सातवा पाठवला तेव्हा अण्णांना जिना चढताना धाप लागत होती.

नव्याण्णवच्या डिसेंबरात, दुपारी दुकानातच, त्यांच्या छातीत कळ आली आणि रुग्णालयात नेईपर्यंत सगळं संपलं. मी कामावर होतो. शारदाचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, फक्त विचारत होती की दुकानाची किल्ली तुमच्याकडे आहे का.

तेराव्याला बनशंकरीच्या घरी पन्नासएक माणसं होती. निवृत्त सुभेदार, दोन कर्नल, गल्लीतले भाजीवाले. मुनिस्वामी के. आर. पुरमहून दोन बस बदलून आला होता. घरातला साधा शर्ट घालून, पुढच्या खोलीत दाराजवळ खाली बसला होता. जेवणं उरकत आली तेव्हा दयानंद आले. शुभ्र कपडे, हातात हार. फोटोसमोर डोळे मिटून उभे राहिले. मग शारदाजवळ बसून हळू आवाजात म्हणाले, तुमच्या वडिलांच्या त्या डब्यांना आणि मापाच्या वह्यांना योग्य जागा मिळायला हवी, माझ्याकडे सगळं काचेत सुरक्षित राहील, त्यांच्या नावाची पाटी लावीन. शारदाला अर्जांचं माहीत होतं. अर्ज कुणामुळे करावे लागले, त्या माणसाचं नाव अण्णांनी घरात कधी काढलं नव्हतं. वह्या आणि डबे तिनं आदल्याच दिवशी दुकानातून आणून एका जुन्या चादरीत बांधून ठेवले होते. ते ओझं कुठे ठेवायचं हे तिला कळत नव्हतं. ती उठली आणि गाठोडं घेऊन आली.

बोलता बोलता दयानंदांचा घसा कोरडा पडला असावा. दाराजवळ बसलेल्या मुनिस्वामीकडे न बघताच त्यांनी बोटांनी खूण केली आणि कन्नडमध्ये सांगितलं, जरा पाणी आण. घरचा गडी समजून. आणि मुनिस्वामी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना इतका मोठा झाला होता. म्हणालो, "हे हवालदार मुनिस्वामी. ह्यांच्या पाच मेडलांवरचं नाव तुम्ही घासून काढलंत. ती मेडलं तुम्हाला मी दिली होती, न वाचता. आणि त्या दिवशी बैठकीत हे सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. शारदा, ह्यांचं नाव त्या वहीत आहे. दुसरीकडे आता कुठेच नाही."

एक कर्नल जेवता जेवता थांबले. दयानंद हसायचा प्रयत्न करत म्हणाले की ही ती वेळ नव्हे, इथे भावना दुखावलेल्या आहेत. शारदानं गाठोडं पुन्हा उचललं, आतल्या खोलीत नेऊन ठेवलं, आणि तिथून पाण्याचा तांब्या घेऊन आली. पहिला पेला तिनं मुनिस्वामीच्या हातात दिला. दयानंदांकडे वळून ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही जा आता."

ते उठले. बाहेर पायरीवर पन्नास जोड चपला एकात एक मिसळून पडल्या होत्या. त्यात त्यांना आपले बूट सापडायला बराच वेळ लागला. ते वाकून शोधत होते. आम्ही सगळे आतून पाहत होतो, आणि कोणी जागचं उठलं नाही.